शाळेचा कॅमेरा कोणता असावा?

शाळेच्या विज्ञान मंडळासाठी एक कॅमेरा घ्यायचा झाला तर कोणता घ्यावा, हा प्रश्न अलीकडे शिक्षकांच्या बोलण्यात वारंवार येतो. एरंडोलसारख्या तालुक्याच्या गावी अशा खरेदीसाठी शाळेच्या हाती रक्कम येते, ती काही दरवर्षी येत नाही. माजी विद्यार्थ्यांची देणगी, एखाद्या प्रदर्शनातले बक्षीस, असे काही निमित्त घडते आणि दहा वर्षांत एखादी वस्तू घेतली जाते. ती निवडताना गफलत झाली, तर पुढची दहा वर्षे मुले तिच्याकडे कपाटाच्या काचेतून पाहत राहतात. तेव्हा प्रश्न दिसतो तेवढा किरकोळ नाही.

निवड बहुधा दोन वस्तूंत असते. लग्नसमारंभाचे फोटो काढणाऱ्या स्टुडिओंनी आता आरसा नसलेले नवे कॅमेरे घेतले आहेत आणि त्यांचे दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे डीएसएलआर विक्रीला निघाले आहेत. साधारण तेवढ्याच पैशांत खिशात मावणारा छोटा कॅमेराही मिळतो. दुकानदार त्याला कॉम्पॅक्ट म्हणतो. एक जड, जुना आणि अवघड दिसणारा. दुसरा हलका, चकचकीत आणि बटण दाबताच चित्र देणारा. बहुतेक मंडळींचा कल दुसऱ्याकडे असतो. माझे मत पहिल्याच्या बाजूचे आहे. ते का, आणि दुसऱ्याचे कोणते गुण मान्य करूनही ते तसेच राहते, हे सांगण्यासाठी हा लेख.

प्रथम मेगापिक्सेलचा घोळ निस्तरू. निकॉन कंपनीचा डी-४० हा डीएसएलआर २००६ साली निघाला. त्याच्या चित्रात सुमारे ६० लाख बिंदू असतात. आजच्या साध्या कॉम्पॅक्टवर मात्र २ कोटी हा आकडा दिमाखात छापलेला असतो. आकड्याकडे पाहून कोणीही म्हणेल, दुसरा तिपटीहून सरस. पण बिंदू किती आहेत याआधी, ते बिंदू केवढ्या जागेत बसवले आहेत हे विचारायला हवे. डी-४० मधील संवेदक, म्हणजे प्रकाश टिपणारी सिलिकॉनची चकती, २३.७ मिमी लांब आणि १५.६ मिमी रुंद आहे. क्षेत्रफळ सुमारे ३७० चौरस मिमी. साध्या कॉम्पॅक्टमधील संवेदक सुमारे ६.२ मिमी लांब आणि ४.६ मिमी रुंद असतो, म्हणजे क्षेत्रफळ साडेअठ्ठावीस चौरस मिमी. भागाकार करून पाहा : तेरापट फरक. आणि एकेका बिंदूच्या वाट्याला आलेली जागा काढली तर तो फरक चाळीसपटींच्याही वर जातो.

जागा मोठी असल्याने काय होते? पाऊस पडत असताना अंगणात एक ताट आणि एक वाटी ठेवा. दोघांवर पाऊस सारखाच पडतो, पण ताटात थेंब जास्त पडतात. प्रकाशही असाच थेंबाथेंबाने येतो. या थेंबांना आपण प्रकाशकण किंवा फोटॉन म्हणतो. भिंगाचे छिद्र नाभीय अंतराच्या मानाने सारखे असेल आणि प्रकाश घेण्याचा काळही सारखा असेल, तर दर चौरस मिलिमीटरवर पडणारा प्रकाश दोन्ही कॅमेऱ्यांत जवळजवळ सारखाच असतो. म्हणून एकूण प्रकाश संवेदकाच्या क्षेत्रफळाप्रमाणे तेरापट होतो.

आता थेंब मोजण्याचा एक नियम लक्षात घ्या. थेंब स्वैरपणे पडतात, म्हणून १०० थेंब अपेक्षित असले तर प्रत्यक्षात ते कधी ९०, कधी ११० भरतात. दहाचा फरक म्हणजे दहा टक्के. पण १०,००० थेंब अपेक्षित असले तर फरक साधारण शंभराचा पडतो, म्हणजे अवघा एक टक्का. संख्येच्या वर्गमुळाएवढी चढउतार होते, असा हा नियम आहे. कमी उजेडात काढलेल्या फोटोवर जी रवाळ खर दिसते, तिचे एक मोठे कारण हेच. तेरापट प्रकाशकण म्हणजे साडेतीन पटींहून अधिक स्वच्छ चित्र, कारण १३ चे वर्गमूळ सुमारे ३.६ आहे. जुना संवेदक प्रकाश पकडण्यात नव्यापेक्षा काहीसा कच्चा असतो हे खरे, परंतु तेवढ्याने तेरापटीची तूट भरून निघत नाही.

हा फरक आपल्या खानदेशातल्या मुलांना जवळच अनुभवता येईल. जळगावहून साठेक किलोमीटरवर अजिंठ्याची लेणी आहेत आणि शाळांच्या सहली तिथे जातात. चित्रे असलेल्या लेण्यांत फ्लॅश वापरायला बंदी आहे, तिपाई लावायची तर परवानगी काढावी लागते, आणि आत उजेड अगदी बेताचा. हातात धरून काढलेल्या फोटोची खरी परीक्षा अशाच जागी होते. तिथे छोटा कॅमेरा चित्र उजळ करून दाखवतो खरा, पण खर झाकण्यासाठी आतला संगणक चित्र घोटून गुळगुळीत करतो आणि दोन हजार वर्षांपूर्वीच्या कुंचल्याची बारीक रेघ त्यात पुसली जाते.

अजिंठ्याचा विषय निघालाच आहे तर रॉबर्ट गिल या गृहस्थांची आठवण करू. मद्रासच्या सैन्यातील हे अधिकारी १८४४ साली लेण्यांतील चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमले गेले. त्यांनी वर्षानुवर्षे खपून केलेली बरीचशी तैलचित्रे १८६६ साली लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. त्यांनी दुहेरी भिंगाच्या कॅमेऱ्याने घेतलेली छायाचित्रे मात्र छापील पुस्तकाच्या रूपाने उरली. १८७९ साली ते वारले. त्यांची कबर आपल्या भुसावळात आहे.

असो. आता छोट्या कॅमेऱ्याचीही बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण काही बाबतींत तो खरोखरच वरचढ आहे. कपाशीच्या बोंडातली गुलाबी अळी टिपायची आहे असे समजा. कॉम्पॅक्ट अळीपासून चार बोटांवर नेला तरी स्पष्ट चित्र देतो. त्याच्या भिंगाचे नाभीय अंतर लहान, त्यामुळे जवळचे आणि थोडे मागचेही एकदम रेखीव येते. डीएसएलआरबरोबर मिळणारे साधे १८-५५ चे भिंग पाव मीटरच्या आत नेले की चित्र पुसट होऊ लागते. यावर उपाय आहे. तेच भिंग काढून, स्वस्तातली एक कडी लावून उलटे बसवले की त्याचे सूक्ष्मदर्शकाच्या जातीचे भिंग होते. परंतु हे करायला सवय लागते आणि तोवर अळी बोंडात शिरून बसते.

चंद्राचे उदाहरण तर मोठे मजेदार आहे. चंद्राचा व्यास त्याच्या आपल्यापासूनच्या अंतराच्या ११० व्या भागाएवढा आहे. म्हणून भिंगाच्या नाभीय अंतराला ११० ने भागले की संवेदकावरील चंद्रप्रतिमेचा व्यास मिळतो. डीएसएलआरचे ५५ मिमीचे भिंग अर्ध्या मिलिमीटरचा चंद्र देते आणि डी-४० मध्ये त्यात जेमतेम ६४ बिंदू मावतात. आठपट झूमच्या एखाद्या कॉम्पॅक्टवर ४.५-३६ मिमी असा आकडा कोरलेला दिसतो. ३६ ला ११० ने भागा : सुमारे ०.३३ मिमी. तिथले बिंदू फार बारीक असल्यामुळे एवढ्याशा चंद्रातही २७० च्या आसपास बिंदू बसतात! मग छोटा कॅमेरा जिंकला काय?

तसेही नाही. प्रकाश तरंगरूप असल्यामुळे भिंगाच्या छिद्रातून येताना तो थोडा पसरतो. याला विवर्तन म्हणतात. त्या झूमला भिंगाचे छिद्र जेमतेम साडेपाच-सहा मिलिमीटरचे असते आणि एका बिंदूची प्रतिमा संवेदकावर सुमारे आठ मायक्रोमीटर रुंदीचा ठिपका होऊन पडते. म्हणजे सहासात बिंदू मिळून एकाच ठिपक्याला पाहत बसतात. २७० पैकी खरी माहिती देणारे फार तर सत्तर-ऐंशी! हिशेब जवळजवळ बरोबरीत सुटतो.

पण डीएसएलआरची गोष्ट इथे संपत नाही. त्याचे भिंग निघते. ते काढून, एक जोडकडी लावून, तोच कॅमेरा शाळेच्या दुर्बिणीला बसवता येतो. दुर्बिणीचे नाभीय अंतर ९०० मिमी असेल तर चंद्र आठ मिलिमीटरचा होतो आणि त्याच ६० लाख बिंदूंच्या जुन्या संवेदकावर त्याच्या व्यासात हजारावर बिंदू बसतात. विवरांच्या सावल्या मोजून त्यांची खोली काढण्याचे गणित मग कोणीही करू शकेल. एक ताकीद मात्र इथेच देतो. योग्य गाळणी भिंगाच्या पुढे लावल्याखेरीज हा कॅमेरा सूर्याकडे कधीही वळवू नका. त्यातून तुम्ही आरशामार्फत थेट सूर्यच पाहत असता, आणि डोळा जातो.

आरशाचे नाव निघाले म्हणून सांगतो. शाळेच्या पाठ्यपुस्तकांतील परावर्तन आणि भिंगे ही दोन प्रकरणे या एका यंत्रात एकत्र नांदतात. भिंगातून आलेला प्रकाश ४५ अंशांत कललेल्या आरशावरून वर जातो, दुधी काचेवर प्रतिमा उमटवतो आणि वरच्या लोलकातून किंवा आरशांतून सुलटी होऊन डोळ्याला दिसते. बटण दाबले की आरसा वर उचलला जातो, मागचा पडदा उघडतो आणि प्रकाश संवेदकावर पडतो. हे सारे उघड्या डोळ्यांनी पाहता येते. भिंग काढून मुलांना दाखवा. ‘खाट्’ असा आवाज कशाचा येतो हे कळले की यंत्राची भीती निम्मी होते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. शाळेचा कॅमेरा हा स्नेहसंमेलनाचे फोटो काढण्यापुरता नसावा. तो प्रयोगशाळेतल्या मापकासारखा असावा. आणि मापकाचा पहिला गुण हा, की त्याने मोजणाऱ्याला न विचारता स्वतः काही ठरवू नये. साधा कॉम्पॅक्ट छिद्र स्वतः ठरवतो, वेळ स्वतः ठरवतो, रंग आणि खर यांचीही परस्पर सफाई करतो. डीएसएलआरवर एक ‘एम’ असे अक्षर असते. चकती त्यावर आणली की सारे निर्णय तुमचे.

याचा उपयोग काय ते दादासाहेब फाळके यांच्यापासून शिकावे. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली पडद्यावर आला, हे तुम्हांला ठाऊक आहे. त्याआधी १९१२ साली, लंडनहून आणलेला हाताने फिरवायचा विल्यमसन कॅमेरा घेऊन, त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्या रोपाची वाढ महिनाभराहून अधिक काळ एकेक चौकट टिपत चित्रित केली. ‘अंकुराची वाढ’ हा तो इवलासा चित्रपट. तो पाहून भांडवल देणाऱ्याला त्यांच्या कामाची खात्री पटली. आपणही मुगाच्या मोडाचे असे चित्रण चार दिवसांत करू शकतो. परंतु दर दहा मिनिटांनी चित्र घेताना कॅमेऱ्याने छिद्र आणि वेळ आपल्या मर्जीने बदलली, तर जोडलेल्या चित्रपटात दिवा लागल्या-विझल्यासारखी उघडझाप होते. एकच दिवा, एकच छिद्र, एकच वेळ, अशी बंधने पाळणारा कॅमेरा हवा.

दुसरा प्रयोग पाहा. अंधाऱ्या खोलीत पांढरा चेंडू उंचावरून सोडा, बाजूने दिव्याचा झोत टाका आणि पडदा १/३० सेकंद उघडा ठेवून फोटो घ्या. चेंडू सव्वा मीटर खाली आला असताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे पाच मीटर असतो, म्हणून फोटोत त्याची सुमारे १७ सेंटिमीटर लांबीची पट्टी उमटते. मागे मोजपट्टी ठेवली असेल तर वेग थेट वाचता येतो. पण १/३० सेकंद हा काळ तुम्हीच ठरवलेला असला पाहिजे, आणि साधा कॉम्पॅक्ट तो तुम्हांला ठरवू देत नाही.

तिसरा प्रयोग रात्रीचा. एरंडोलचा अक्षांश जवळजवळ २१ अंश उत्तर आहे, म्हणून ध्रुव तारा आपल्याकडे क्षितिजापासून तेवढाच वर दिसतो. गावाच्या दिव्यांपासून दूर, पद्मालयाच्या बाजूला एखाद्या मोकळ्या जागी, शिक्षकांना बरोबर घेऊन तिपाईवर कॅमेरा उत्तरेकडे लावा आणि पडदा वीस मिनिटे उघडा ठेवा. प्रत्येक तारा ध्रुवाभोवती पाच अंशांचा कंस काढील. कोनमापक ठेवून मोजा, आणि त्यावरून पृथ्वीच्या एका फेरीचा काळ काढा. डीएसएलआरवरील ज्या सोयीने पडदा हवा तेवढा वेळ उघडा राहतो तिला ‘बल्ब’ म्हणतात. दिव्याशी तिचा संबंध नाही. जुन्या कॅमेऱ्यांत रबरी फुगा दाबून हवेच्या जोराने पडदा उघडत, त्या फुग्याचे हे नाव आहे. साध्या कॉम्पॅक्टची मजल बहुधा काही सेकंदांपलीकडे जात नाही.

आणि एक खास खानदेशी प्रयोग सुचवतो. भिंगावर टोपण ठेवून, पूर्ण अंधारात, पाच मिनिटांचे एक चित्र डिसेंबरच्या पहाटे घ्या आणि तसेच दुसरे मेच्या रात्री. खर आपोआप कमी करण्याची सोय आधी बंद ठेवा. चित्रात काहीच नसायला हवे, तरी ठिपके दिसतील. ते उष्णतेने सुटलेल्या इलेक्ट्रॉनांचे. तापमान साधारण सहा-आठ अंशांनी वाढले की हा प्रवाह दुप्पट होतो. पहाटेचा गारठा आणि मेची तापलेली रात्र यांतील फरक लक्षात घेतला, तर ठिपके पाच-सहा पटींनी तरी वाढलेले दिसावेत. ४५ अंशांचा उन्हाळा काही कामाला तर आला!

यावर तुमच्यातील पुष्कळजण म्हणतील, “सर, दोन्ही कशाला? फोन आहे की!” प्रश्न रास्त आहे. २०१० साली जगात १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते. २०२३ साली ती संख्या ८० लाखांच्याही खाली आली. फोनने सर्वांत आधी खाल्ला तो कॉम्पॅक्टच. खिशात मावणे हा त्याचा मोठा गुण होता, आणि तो गुण आता शिक्षकांच्या खिशातल्या फोनमध्ये आहेच. म्हणून शाळेने कॉम्पॅक्ट विकत घेणे म्हणजे बरेचसे असलेलेच पुन्हा घेणे होय. फोन तर त्याच्याही पुढे जाऊन अनेक चित्रे झपाट्याने घेतो, ती एकमेकांत मिसळतो आणि सुबक असे एक देतो. काही फोन चंद्र ओळखतात आणि त्याचे तपशील स्वतःच ठळक करतात. भिंतीवर लावायला ते ठीक. पण आकाशात होते ते किती आणि फोनने रंगवले ते किती, हे कळायला मार्ग नसेल, तर त्या चित्रावरून विवराची खोली कशी मोजणार? काही फोनांवर हाताने नियंत्रण करण्याची सोय असते, कच्चे चित्रही मिळते. ज्यांच्याकडे तसा फोन असेल त्यांनी ती जरूर वापरावी.

कच्चे चित्र म्हणजे संवेदकाने मोजलेले आकडे, फारसा हात न लावता साठवलेले. डीएसएलआर ते देतो. त्यात प्रकाश दुप्पट झाला की आकडाही जवळजवळ दुप्पट होतो. नेहमीच्या जेपेग चित्रात तसे होत नाही, कारण ते डोळ्याला बरे दिसावे म्हणून वाकवलेले असते. दिव्यापासूनचे अंतर दुप्पट केल्यावर प्रकाश चौथाई होतो, हा नियम कच्च्या चित्रावर पडताळता येतो. जेपेगवर तो चुकीचा ठरल्यासारखा वाटेल.

शिक्षकांचा एक आक्षेप मात्र मला गंभीर वाटतो. मोठा कॅमेरा मुले पाडतील, म्हणून तो कपाटात राहील. छोटा निदान वापरला तरी जाईल. हे अनेक शाळांत खरेच घडेल. सूक्ष्मदर्शकांचे काय होते ते आपण पाहतोच. माझे म्हणणे असे, की किल्ली जर मुलांच्या हाती जाणार नसेल तर डीएसएलआर घेऊच नये. तेवढ्याच पैशांत आरसे, भिंगे आणि मोजपट्ट्या घ्याव्यात. परंतु नववीच्या चार मुलामुलींना जबाबदार करून, गळ्यात पट्टा घातल्याशिवाय कॅमेरा उचलायचा नाही एवढा एकच नियम ठेवला, तर तो पडण्याची भीती फारशी उरत नाही. शिवाय जुनी वस्तू घेतल्याचा हाच तर फायदा. तिच्यावर पहिला ओरखडा आधीच पडलेला असतो.

घेताना मात्र डोळसपणे घ्यावा. लग्नाच्या एका हंगामात स्टुडिओचा कॅमेरा हजारो वेळा खटखटतो, आणि पडद्याला आयुष्य असते. निकॉनच्या २००८ सालच्या डी-९० साठी कंपनीने एक लाख वेळांची चाचणी सांगितली आहे. निकॉनच्या फोटोच्या फाइलमध्ये पडदा आजवर किती वेळा उघडला तो आकडा लपलेला असतो. एक फोटो काढून तो संगणकावर वाचून घ्यावा. भिंगाला मागून विजेरीचा झोत लावून आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी आहे का ते पाहावे. छिद्र अगदी लहान करून निरभ्र आकाशाचा फोटो घ्यावा. संवेदकावर धूळ असेल तर काळे ठिपके दिसतील. ते साफ करता येतात, मात्र किंमत कमी करून मागायला हरकत नाही. भिंग पुरेसे नसेल तर एकदम झूमच्या मागे न लागता, मोठ्या छिद्राचे ५० मिमीचे साधे भिंग पुढच्या वर्षी घ्यावे. आणि बॅटरी फुगलेली नाही ना, चार्जर त्याच कॅमेऱ्याचा आहे ना, हे सौदा ठरण्यापूर्वी तिथेच लावून पाहावे.